येतानाचं माप

शेवटच्या साध्या दिवशी बाबांनी माझ्या थोबाडीत मारली. साधा दिवस म्हणते, कारण त्यात नवीन काही नव्हतं. मधे चौदा वर्षांचा खंड पडला होता, एवढंच. मी एकेचाळीस वर्षांची, ते त्र्याहत्तरचे. संध्याकाळ होत आली होती. जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरलेला होता आणि तो उडू नये म्हणून त्यावर त्यांची पितळी फूटपट्टी आडवी ठेवली होती. दोन दिवसांनी माझी हॉस्टेलमधली मैत्रीण आणि तिचा नवरा राजधानी बघायला येणार होते. त्यांना शहर पायी दाखवायचं असं मी ठरवल्यावर बाबांनी चार दिवस खपून रस्ता आखला होता. पालिकेच्या मोजणी खात्यात छत्तीस वर्षं त्यांनी या शहराचे रस्ते मोजले होते, लांब दांड्याचं लोखंडी चाक ढकलत. चाकाच्या आसाला आकड्यांची डबी होती आणि दर मीटरला ती टक्‌ करून वाजायची. निवृत्त झाल्यावर खात्याने नवी यंत्रं घेतली, तेव्हा ते जुनं चाक त्यांनी मागून आणलं आणि दारामागे ठेवलं. कागदावर मात्र त्यांनी सगळी अंतरं पावलांत लिहिली होती. पाहुणे काय चाक घेऊन फिरणार आहेत का, म्हणाले. स्टेशनचं घड्याळ ते जुनी वेस, सहाशे तीस पावलं. उजवीकडे पाहू नये, काही नाही. वेस ते गोळ्यांची भिंत, नऊशे. इथे पाणी चांगलं. सेनापतीचा घोडा ते न्यायालयाच्या पायऱ्या, चारशे बारा. पायऱ्या मोजू नयेत, सगळे मोजतात. मी तो कागद वाचला, मनात हसलेसुद्धा, आणि मग त्या चारशे बारावर बोट ठेवून म्हणाले, "हे चुकलंय, बाबा. मी रोज जाते तिथून. चारशे साठ होतात." ते म्हणाले, "परत म्हण." मी परत म्हटलं. मारल्यावर त्यांनी फूटपट्टी उचलून कागदाच्या कडेशी नीट समांतर ठेवली. मी म्हणाले, "मारून आकडा बदलत नाही. उद्या जाऊन येतानाचं माप घ्या, म्हणजे कळेल."

यातल्या दोन गोष्टी मी आजवर कुणाला सांगितलेल्या नाहीत. पहिली, त्यांचा आकडा बरोबर होता हे मला ठाऊक होतं. त्यांचं पाऊल पाऊण मीटरचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी ते घासूनपुसून तसं करून घेतलं होतं आणि तापाने फणफणले तरी ते बोटभर कमीजास्त होत नसे. माझं पाऊल आखूड. ते आखूड आहे हे मला सातव्या वर्षीच कळलं होतं. घरासमोरच्या रस्त्यावर ते खडूने रेघा मारत आणि मला त्या रेघांवर पाय टाकत चालवत, आणि रेघ हुकली की फूटपट्टी नडगीवर बसे. पितळेचा मार वेगळा असतो. आधी गार लागतं. दुसरी गोष्ट अशी, की मी सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासते. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्या टेबलावर एक आदेश आला होता. उद्या सकाळी दहापासून न्यायालयाचा चौक सर्वांना बंद. मोर्चेकऱ्यांना आधी सुगावा लागू नये म्हणून कागद सकाळी नऊनंतरच भिंतींवर लागणार. काठी, सळई अथवा तत्सम लांब वस्तू बाळगणारी व्यक्ती एका इशाऱ्यानंतर न थांबल्यास तिच्यावर गोळी झाडण्यात येईल. मी तो दोनदा वाचला, एकदा मनात आणि एकदा सहकाऱ्यासमोर मोठ्याने, कारण आमच्याकडे तशी पद्धत आहे. खाली सही केली. गुप्ततेच्या वहीत आणखी एक सही केली. घरी आले, कागद पाहिला, चारशे बारावर बोट ठेवलं. बोट ठेवताना आदेश माझ्या डोक्यात होता की नव्हता, हे मी सात महिने स्वतःला विचारते आहे. थोबाडीत बसल्यावर मात्र होता. शब्दन्‌शब्द होता.

येतानाचं माप ही त्यांच्या खात्याची पद्धत. रस्ता जाताना एकदा मोजायचा आणि येताना उलट दिशेने एकदा. दोन्ही आकडे जुळले तरच वहीत चढवायचे. कागदाच्या तळाशी त्यांनी लिहून ठेवलंच होतं, येतानाचं माप बाकी. त्यामुळे कधी ना कधी ते जाणारच होते, मी टोचलं म्हणूनच गेले असं काही नाही, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. सांगून पाहणं या शब्दांत जेवढं बळ आहे तेवढंच त्या समजुतीत होतं. सकाळी आठला माझ्या दाराबाहेर कप ठेवल्याचा आवाज आला. चहा, वर बशी झाकलेली. त्यांची माफी मागायची तेवढीच रीत होती. आईच्या करंगळीचं हाड मोडलं तेव्हाही त्यांनी स्वतःच पेन्सिल लावून ती बांधली होती आणि नंतर पंधरा दिवस तिला बशी झाकून चहा दिला होता. आई तो प्यायची. मी प्यायले नाही. अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहिले आणि जिन्यावरून चाक उतरवल्याचा आवाज ऐकला. त्यांनी डबी शून्यावर आणली असावी, कारण ती किल्ली फिरल्यासारखी करकरली. मग फुटपाथवर टक्‌, टक्‌, टक्‌, कोपऱ्यापर्यंत. दार उघडून नुसतं बाबा म्हणायला मला एवढा वेळ पुरेसा होता. अगदी पुरेसा होता, मी तो नंतर मोजलाय.

मैत्रिणीचं येणं तेव्हा अर्थातच रद्द झालं. आम्ही तिला खार म्हणायचो. हॉस्टेलमध्ये ती उशीखाली शेंगदाणे लपवायची आणि कुठे ठेवले ते विसरायची. सात महिन्यांनी ती आली, नवऱ्याला घेऊन. तो दातांचा डॉक्टर, उंच, गळ्यात कॅमेरा, प्रत्येक गोष्टीला हसण्याआधी बायकोकडे बघणारा. पहिल्या संध्याकाळी दोघं माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसल्यासारखे बसले होते. सकाळी खारने कपाटावरचा गुंडाळलेला कागद पाहिला आणि मला आवरता येण्याआधीच उलगडला. "अगं, हा काकांनी आमच्यासाठी काढलेला," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "आपण यानेच जायचं. काकांनी नेलं असतं तसं." डॉक्टर वाकून वाचत होता. "उजवीकडे पाहू नये, काही नाही," त्याने मोठ्याने वाचलं आणि हसला, आणि मग हसल्याबद्दल माझ्याकडे ओशाळून पाहिलं. मी म्हणाले, "चला. बूट चांगले घाला." इतक्या सहज म्हणाले की मलाच भीती वाटली.

स्टेशनच्या घड्याळाखाली आम्ही उभे राहिलो आणि डॉक्टरने पहिला फोटो काढला. कामाला निघालेली गर्दी आमच्या दोन्ही अंगांनी वाहत होती. एका माणसाचा खांदा मला लागला आणि तो वळून न बघता पुढे गेला. त्याच्या मानेवर मागून मारावं असं मला स्पष्ट वाटलं, कुठे मारावं तेही कळलं. असं मला हल्ली वाटतं. पूर्वी वाटत नसे, किंवा पूर्वी घरात त्यासाठी एक माणूस होता आणि माझ्या वाट्याचं मारणंही तोच उरकत असे. जुन्या वेशीपर्यंत आम्ही मोजत गेलो. खार भराभरा चालते, तिचे आठशे झाले. वेशीच्या कमानीवर लोखंडी आकडे आहेत. तिथे पूर्वी कापलेली मुंडकी टांगत, ऊन लागून ती फुगत आणि मग पक्षी येत, हे मी पाहुण्यांना सांगायचंच असतं म्हणून सांगितलं. माझा आवाज वाटाड्याचा झाला होता. "किती दिवस ठेवत?" डॉक्टरने विचारलं. "पुढचं येईपर्यंत." तो म्हणाला, "म्हणजे आमच्या दवाखान्यातल्या खुर्चीसारखं," आणि खारने त्याला कोपर मारलं. मला हसू आलं, खरंच आलं. बाबा याच कमानीखाली मला खांद्यावर घेऊन उभे राहिले होते. मी पाच वर्षांची असेन. त्यांनी मला आकड्याला हात लावू दिला होता, खालून दोन्ही घोटे घट्ट धरून. तो आकडा किती गार होता आणि ते हात किती गरम होते, दोन्ही एकदम आठवलं. मारणारे हात आणि धरणारे हात वेगवेगळे असतात असं पुस्तकात असतं. मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. आमच्या घरी एकच जोडी होती.

गोळ्यांची भिंत ही आमच्या शहरातली सगळ्यांना आवडणारी जागा. शंभर वर्षांपूर्वी तिथे एका सकाळी चाळीस माणसं उभी केली होती. भोकं अजून तशीच ठेवली आहेत. थोडी काचेखाली, उरलेली उघडी, लोकांनी बोटं घालून घालून कडा गुळगुळीत झालेली. एक जोडपं तिथे गालाला गाल लावून फोटो काढत होतं. खारने एका भोकात तर्जनी घातली. पेरापर्यंत गेली. "बाई गं, किती आत गेलीय," ती म्हणाली. मला शवागारातला माणूस आठवला. चादर छातीपर्यंत खाली करून तो म्हणाला होता की पुढून लहान दिसतं, मागून बघू नका. मी खारचं मनगट धरून हिसडलं. इतक्या जोरात, की तिचं बोट दगडाला घासून सोललं आणि ती कळवळली. मी सोडलं नाही. माझी चार बोटं तिच्या मनगटात रुतलेली मला दिसत होती आणि ती आणखी रुतवावीत असं वाटत होतं. सोडल्यावर तिथे पांढरे पट्टे उमटले, मग लाल झाले. डॉक्टर आमच्या दोघींकडे बघत राहिला. "लागलं का?" मी विचारलं. खार म्हणाली, "तुला काय झालं?" मी म्हणाले, "तिथे हात लावू नये." तिने रुमाल बोटाला गुंडाळला आणि पुढे चालू लागली.

भिंतीपलीकडे नळ आहे, त्याचं पाणी चांगलं आहे, ते आम्ही प्यायलो. शेजारच्या दुकानात बसलो. तीन कप चहा आले. खारचा कप मी माझ्याकडे ओढला, वर बशी झाकली आणि तिच्यापुढे सरकवला. असं आपण का केलं हे हात मागे आल्यावर माझ्या लक्षात आलं. ती बशी बाजूला करून प्यायली, आईसारखीच, काही न विचारता. मग तिनेच विषय काढला. "ते चाक अजून आहे का गं?" आहे, मी म्हणाले. पोलिसांनी चौथ्या महिन्यात परत दिलं, दांड्याला चिठ्ठी बांधून. एक बाजू वाकलीय. डबीवर आकडा आहे, एकशे चौऱ्याऐंशी. "म्हणजे?" "म्हणजे न्यायालयाच्या पायऱ्यांशी डबी शून्यावर आणून तिथून एकशे चौऱ्याऐंशी मीटर आले होते. घोड्यापर्यंत एकशे पंचवीस राहिले." डॉक्टरने कप खाली ठेवला. "पण चौक बंद होता ना? ते आत कसे गेले?" हे मला सगळ्यांनी विचारलं आहे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे घोटून तयार आहे. येतानाचं माप होतं म्हणून त्यांनी कागदावरच्या शेवटच्या, नदीकडच्या टोकापासून सुरुवात केली. आदेशाचे कागद स्टेशनच्या बाजूने आणि दोन्ही हमरस्त्यांवर लावले होते. न्यायालयामागच्या बोळात लावायचे राहिले. ते बोळातून आले, खाली चाकाकडे बघत. "बिचारे काका," खार म्हणाली. "त्यांना काय माहीत." माझा तळवा टेबलाखाली गरम झाला. बिचारे हा शब्द त्यांच्या आयुष्यात कुणी त्यांना लावला नव्हता. मला खारच्या तोंडावर मारायचं होतं, तिला कळावं म्हणून. काय कळावं, ते सांगता आलं असतं तर मारायची गरज नव्हती.

बाकीचं मला छत्र्या दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं. तो चौकाच्या कमानींखाली बसतो. त्या दिवशी त्याने पेटी आवरली होती पण निघायला उशीर झाला आणि खांबाआड अडकला. मोर्चा आलाच नव्हता, तो भलतीकडेच वळला होता. एवढ्या मोठ्या रिकाम्या चौकात शिपायांची रांग आणि कबुतरं. त्यात एक म्हातारा, हातात लांब दांडा, चालत येतोय. भोंग्यावरून ओरडले, थांबा. थांबले नाहीत. "त्यांनी डावा हात वर केला, ताई," छत्रीवाला म्हणाला, "असा. थांबा थांबा म्हणावं तसा. शिपायांनाच." त्याने हात करून दाखवला आणि मला दुसरं काही दाखवायची गरज उरली नाही. तो हात मी लहानपणापासून ओळखते. मोजताना बोलायचं नाही, थांबायचं नाही, थांबलं की आकडा गेला. मी आठ वर्षांची असताना त्यांच्या मागून धावताना गटाराच्या झाकणावर पडले, हनुवटी फाटली, तोंडात रक्त आलं आणि मी किंचाळले. त्यांनी न वळता डावा तळवा वर केला. दोनशे दहा पावलं पुढे जाऊन खडूची खूण केली, मग धावत आले, मला उचललं आणि दवाखान्यापर्यंत तसेच पळत गेले. टाके घालताना मी त्यांचा अंगठा चावला तर तोही त्यांनी चावू दिला. तो व्रण त्यांच्या अंगठ्यावर शेवटपर्यंत होता. शवागारात मी तोच बघून सही केली. सहा गोळ्या झाडल्या, दोन लागल्या. पहिलीनंतर ते दोन पावलं चालले, छत्रीवाला म्हणाला. दांड्यावर टेकून. डबी वाजल्याचं त्याने ऐकलं होतं.

सेनापतीच्या घोड्यापाशी आम्ही बाराच्या सुमारास पोचलो. ऊन सगळ्या चौकावर सपाट पडलं होतं. घोड्याचा एक पाय वर, खुराखाली चिरडलेला शत्रू, त्याचं तोंड उघडं. डॉक्टर कॅमेऱ्यातून वर बघत होता. "याला दोन दात जास्त आहेत," तो म्हणाला. "माणसाला?" "घोड्याला." खार म्हणाली, "सरकारी घोडा आहे, जास्तच खाणार." तिने माझ्याकडे बघितलं, मनगट विसरल्याचं मला कळावं म्हणून. मग तिने कागद उघडला. "सेनापतीचा घोडा ते न्यायालयाच्या पायऱ्या, चारशे बारा. चला, कुणाचे किती होतात बघू. बोलायचं नाही कुणी." ती निघाली, तुरुतुरु. डॉक्टर लांब ढांगा टाकत तिच्या बाजूने. मी मागे. या चौकातून मी त्यानंतर गेले नव्हते. छापखान्याला मागच्या रस्त्याने वळसा घालून जात होते, रोज वीस मिनिटं जास्त. एक, दोन, तीन. फरशा धुतलेल्या होत्या. कुणीतरी पोरीला सायकल शिकवत होतं. दोन फरशांच्या मधली फट हुकली की नडगीवर पितळ लागे, आधी गार. साठ. सत्तर. ते पडले ती जागा मला माहीत होती. एकशे पंचवीस मीटर म्हणजे त्यांची एकशे सदुसष्ट पावलं, माझी एकशे शहाऐंशी. हा हिशेब मी कितीतरी वेळा केला होता, मुद्रितांच्या समासात, पेन्सिलने, आणि खोडला होता. एकशे ऐंशी. तिथे काहीच नव्हतं. फरशी इतर फरशांसारखी होती, एक कोपरा उडालेला, तो आधीचाही असेल. एकशे शहाऐंशीला मी थांबले नाही. थांबलं की आकडा गेला. माझा डावा हात आपोआप वर झाला, समोर कुणी नसताना, आणि मी त्या फरशीवरून चालत गेले, आपल्या माणसाच्या अंगावर पाय देऊन गेल्यासारखी. पुढचं काही दिसत नव्हतं तरी मोजत राहिले.

पायरीला बूट लागला तेव्हा चारशे साठ झाले होते. खार आणि डॉक्टर आधीच पायरीवर बसले होते. "तीनशे ब्याऐंशी," डॉक्टर म्हणाला. "माझे पाचशे तीन," खार म्हणाली, धापा टाकत. "तुझे?" मी सांगितले. खार हसली. "तीन माणसं आणि तीन चौक. आता खरं कुणाचं?" "काकांचं," डॉक्टर म्हणाला. "बाकी सगळे चालतात, ते मोजायचे." त्याने बाटली माझ्यापुढे केली. पायऱ्यांच्या बाजूला, बोळाच्या तोंडाशी, आता नवी सूचनापाटी बसवली आहे, काचेची, कुलूपवाली. खार उठून तिच्यापुढे उभी राहिली आणि आतले कागद वाचू लागली, लिलावाची नोटीस, पाण्याची वेळ. तिच्या बोटाचा रुमाल सुटला होता. "मला एक कळत नाही," ती काचेकडेच बघत म्हणाली. "असा आदेश काय सकाळी उठून कुणी हाताने लिहितो? आदल्या दिवशी कुणी लिहिला असेल, कुणी छापला असेल. पाच-दहा माणसांना तरी माहीत असणार. एकाने जरी घरी जाऊन सांगितलं असतं ना. उद्या चौकात जाऊ नका, एवढंच. त्यांना रात्री झोप कशी लागते?"

"लागते," मी म्हणाले.

ती वळली. डॉक्टरने बाटलीचं झाकण लावता लावता हात थांबवला. माझा आवाज वाटाड्याचा राहिला नव्हता. कुणाचा होता ते मला ओळखू येईना. मुद्रित मोठ्याने वाचताना लावते तसा तो सपाट लागला होता, एकेक शब्द सुटा.

"मला माहीत होतं. आदल्या दिवशी दुपारी तो माझ्या टेबलावर आला होता. मी दोनदा वाचला. लांब वस्तू बाळगणारी व्यक्ती, असं त्यात होतं, तेही वाचलं. संध्याकाळी त्यांनी मला मारलं आणि मी म्हटलं, उद्या जा. सकाळी चाक खाली नेताना मी जागी होते."

खार काही बोलणार होती. मी डावा हात वर केला.

"आणि चारशे बारा बरोबर होतं. मला तेव्हाही माहीत होतं. त्यांचं माप चुकलं नव्हतं, मी चुकलं म्हणाले."